कॅमेऱ्यात आला नाही म्हणजे रानात आलाच नाही?



आज जरा मोठं लिहितोय, चहा घेऊनच बसा. विषय रानात लावायच्या ट्रॅप कॅमेऱ्याचा आहे. त्यातही ज्याचा दिवा रात्री अजिबात दिसत नाही अशा 'छुप्या' कॅमेऱ्याचा. बरेच जण विचारतात, घ्यावा का, किती भरवशाचा. उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगतो, कारण त्या चुकीपायीच मी या यंत्राचा सगळा इतिहास वाचत बसलो.

आमचं रान उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या माळाला लागून. गेल्या वैशाखात ज्वारीचं रान मोकळं होतं, म्हणून दरवर्षीप्रमाणं मामांच्या मेंढ्या रानात बसवल्या. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. धनगर आहेत, पण आमच्या वडलांपासून त्यांचा वाडा आमच्या रानात उतरतो. लेंडीखत आम्हाला, धान्य आणि चार पैसे त्यांना. तर पहिल्याच आठवड्यात त्यांची दोन कोकरं गेली. एक जण म्हणाला लांडगा, दुसरा म्हणाला मोकाट कुत्री, तिसरा म्हणाला तरस. चौथ्यानं तर सरळ सांगितलं, "उरलेल्या मढ्यावर थिमेट टाका, जे असंल ते मरंल."

माझ्याकडं कॅमेरा होता. रानडुकरांसाठी घेतलेला, छुपा प्रकार. मी म्हणालो, थांबा, औषध-बिवषध काही टाकू नका, आधी बघू कोण येतंय. बांधावरच्या बाभळीला गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरा बांधला. सहा रात्रींनी कार्ड काढलं. मोकाट कुत्री तीनदा, कोल्हा एकदा, आणि बाकी हलणारं गवत. लांडगा एकदाही नाही. मी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, "लांडगा नाही. कुत्री आहेत."

मामांनी विश्वास ठेवला. वनखात्याला कळवलं नाही, कारण कुत्र्यानं मारलेल्या जनावराची भरपाई मिळत नाही, लांडग्यानं मारलेल्याची मिळते. माळाच्या बाजूला बसवलेला राखणदार पोरगाही त्यांनी हलवला. चार दिवसांनी दिवस मावळताना एक मेंढी गेली, आणि या वेळी मामांनी स्वतःच्या डोळ्यानं दोन लांडगे बघितले. माझा कॅमेरा तिथून वीस पावलांवर होता. कार्डावर त्या संध्याकाळचा एकही फोटो नव्हता.

मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मालक, तुमचा कॅमेरा लई शिकलेला हाय. पर तुमी त्याला इचारलं काय आन् त्यानं सांगितलं काय, ह्यात घोळ हाय." मला ते झोंबलं. यंत्र खोटं बोललं का? का मीच चुकीचं वाचलं? म्हणून मग मुळापासून शोधायला लागलो.

रात्री जनावर बघायचं तर उजेड पाहिजे, आणि उजेड केला की जनावर थांबत नाही. या यंत्राचा सगळा इतिहास म्हणजे ही एक अडचण सोडवायची धडपड आहे. आपल्याकडची जुनी तोड माहितीच आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधायचं, आणि चांदण्यात पाण्यावर येणारं जनावर मोजायचं. वैशाखात पाणी कमी, म्हणजे जनावर येणारच, आणि उजेड आभाळाचा, म्हणजे ते बुजणार नाही. महाराष्ट्रात वनखात्याची ही प्रगणना वर्षानुवर्षं चालत आली. पद्धत साधी आणि चांगली, पण वर्षातली एकच रात्र. त्या रात्री ढग आले की संपलं.

फोटोची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली. पेनसिल्व्हेनियाचा जॉर्ज शिरास नावाचा वकील पूर्वी शिकारी होता. त्यानं बंदूक ठेवून कॅमेरा घेतला. १८९० च्या दशकात तो सुपीरियर सरोवराच्या बाजूच्या जंगलात रात्री होडीतनं फिरून हरणांचे फोटो काढायचा. पुढं त्यानं वाटेवर दोरी लावली. हरणाचा पाय दोरीला लागला की मॅग्नेशियमची भुकटी पेटायची, लख्ख उजेड पडायचा आणि हरीण स्वतःचाच फोटो काढायचं. १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकानं त्याचे ७४ फोटो छापले. पण ती भुकटी म्हणजे दिवाळीतला बारच. आवाज, धूर, उजेड. फोटो मिळायचा, पण त्या वाटेनं जनावर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही.

आपल्या देशात हे काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या इंग्रज वनाधिकाऱ्यानं केलं. १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात, तारेला पाय लागला की पेटणारा फ्लॅश लावून, त्यानं वाघाचे रात्रीचे फोटो काढले. १९२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आपल्या कामाची गोष्ट ही की, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि फोटोवरून हा वाघ तोच का दुसरा हे ठरवता येतं, हे त्यानं तेव्हाच दाखवून दिलं. बैलाच्या अंगावरचे ठिपके बघून आपण 'हा अमक्याचा बैल' म्हणतो, तसंच.

पण सरकारी मोजणी बरीच वर्षं ठशांवर चालली. ओडिशातले सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा, आणि मापं जुळवायची. आपल्या जुन्या माणसांना हे पटेल, कारण ठसा वाचणं ही खरी विद्या आहे. पण ठसा मातीप्रमाणं बदलतो. चिखलात मोठा, फुफाट्यात विस्कटलेला. राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये उघड झालं की रानात एकही उरला नव्हता. त्यानंतर देशाच्या मोजणीत कॅमेरा आला. त्याचा पाया कर्नाटकात नागरहोळेला घातला गेला होता. उल्हास कारंथ यांनी तिथं ट्रॅप कॅमेऱ्यांनी वाघ टिपून, पट्ट्यांवरून ओळखून, 'किती वेळा तोच वाघ पुन्हा सापडतो' यावरून एकूण संख्येचा अंदाज काढायची रीत १९९५ मध्ये मांडली. पुढं २०१८ च्या व्याघ्रगणनेत १४१ ठिकाणी मिळून २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

या कारंथांच्या रीतीतली एक गोष्ट मला माझ्या चुकीनंतर नीट समजली. फोटोंची संख्या म्हणजे वाघांची संख्या, असं ते धरतच नाहीत. 'असूनही न सापडलेले किती असतील' हा हिशोब त्यांच्या गणितात पहिल्यापासून धरलेला आहे. मी सहा रात्री, एक कॅमेरा, आणि हिशोब काहीच नाही. तरी निकाल देऊन मोकळा.

आता उजेडाकडं परत येऊ. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातनं उन्हाचे रंग पाडले, आणि कुठल्या रंगात ऊब जास्त हे बघायला थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं पारा सगळ्यात जास्त चढला. तीच ही इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त किरणं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे किरण फेकणारे छोटे एलईडी दिवे तयार झाले. टीव्हीच्या रिमोटच्या तोंडाला असतो तोच दिवा. तो दिवा आणि डिजिटल कॅमेरा एकत्र आले आणि भुकटीची, फ्लॅशची गरज संपली. डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात फोटो निघायला लागला. रात्रीचा फोटो काळा-पांढरा येतो तो म्हणूनच.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. एक ८५० नॅनोमीटरचा. त्याचा उजेड लांब जातो, फोटो स्वच्छ येतो, पण चालू झाला की विझत्या निखाऱ्यासारखे लाल ठिपके दिसतात. दुसरा ९४० नॅनोमीटरचा, हाच छुपा. समोर उभं राहिलं तरी माणसाला काही कळत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. कॅमेऱ्याच्या सेन्सरला हा उजेड कमी पकडता येतो, म्हणून अंतर कमी पडतं, फोटो दाणेदार येतो, आणि पळणारं जनावर पुसट होतं. आणखी एक, छुपा म्हणजे जनावरापासून शंभर टक्के लपलेला असंही नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॉल मीक आणि सहकाऱ्यांनी तपासून दाखवलं की कॅमेऱ्यांचे बारीक आवाज आणि हे किरणही काही जनावरांना जाणवू शकतात. आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज कुत्र्याच्या जातीच्या जनावराला ऐकू येतो, हे आपण जाणतोच.

इथंवर वाचून मला वाटलं, झालं, अंतर कमी पडलं म्हणून लांडगा सुटला. पण तसं नव्हतं. संध्याकाळी अजून उजेड होता, त्या दिव्याची गरजच नव्हती. खरी मेख दुसरीकडं होती.

या डबीत इन्फ्रारेडचं काम दोनदा होतं, आणि दोन्ही वेगवेगळी आहेत. एक म्हणजे फेकायचा उजेड, ८५० किंवा ९४०. जाहिरातीत सगळं बोलणं त्याचंच. दुसरं म्हणजे जनावर आल्याचं ओळखणारा सेन्सर. तो स्वतः काही फेकत नाही. अंगातनं निघणारी ऊब, म्हणजे साधारण ९-१० हजार नॅनोमीटरचे किरण, तो टिपतो. तेही नुसती ऊब नव्हे. मागच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून सरकलं, तरच तो कॅमेऱ्याला जागं करतो. सेन्सर उठला नाही तर दिवा कितीही भारी असू दे, फोटो निघतच नाही.

आता आपला मे महिना आठवा. पारा ४२-४३. भर दुपारी उघडी जमीन जनावराच्या अंगापेक्षा कितीतरी तापलेली असते. पहाटे जमीन निवलेली आणि जनावर गरम. म्हणजे मधे कधीतरी, दिवस चढताना एकदा आणि मावळताना एकदा, जमीन आणि जनावराची कातडी एकाच तापमानाला येतात. त्या वेळेला सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. आणि लांडगा मेंढरावर कधी येतो? मेंढरं वाड्याकडं वळतात तेव्हा, दिवस मावळताना. त्यात भर म्हणजे सेन्सरला समोरून आडवं जाणारं जनावर चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा कळतं. मी कॅमेरा बांधाच्या रेषेत तोंड करून बांधला होता, आणि लांडगा बांधानंच आला.

खात्री करायला आमच्या वाघ्या कुत्र्याला पट्टा बांधून कॅमेऱ्यापुढं फिरवलं. पहाटे आडवं चालवलं तर पंधरा पावलांवरून फोटो निघाला. दिवस मावळताना त्याच जागी सहा पावलांच्या पलीकडं काहीच नाही. सरळ कॅमेऱ्याकडं चालवलं तर तीन पावलांवर आल्यावर एक फोटो, तोही नुसत्या नाकाचा. तीन संध्याकाळी हेच केलं, तीनदा तेच. ही परीक्षा मी कॅमेरा घेतला त्याच दिवशी करायला पाहिजे होती. पेरणीयंत्र आणलं की आधी किती बी पडतंय ते बघतो की नाही आपण?

कॅमेरा बिनकामाचा आहे असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याच भागातली उदाहरणं बघा. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं तीन माणसांचा जीव घेतला, आणि १८ डिसेंबरला त्याला गोळी घालावी लागली. ते दिवस आठवतात ना? ऊसतोड थांबली होती आणि रोज दहा गावांत बिबट्या 'दिसत' होता. अशा वेळी कुठं खरंच आहे आणि कुठं नुसतीच हूल, हे सांगायला पुरावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. आधी कुणाचा विश्वास बसेना. फोटोतल्या पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरचा आहे, म्हणजे कित्येक जिल्हे ओलांडून आलेला. मग बार्शी तालुक्यातल्या जनावरांवरचे हल्ले कुणाचे, त्याचाही उलगडा झाला. एक फोटो काय करू शकतो, हे तिथं दिसलं.

पण लांडग्याला पट्टे नसतात. पाच फोटो म्हणजे पाच लांडगे का एकच पाचदा, हे सहसा सांगता येत नाही. त्यामुळं त्याची माहिती माळावर पायपीट करूनच गोळा करावी लागली. नान्नजला ही परंपरा जुनी आहे. १९७२ मध्ये सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी इथल्या माळावर माळढोक असल्याचं लोकांपुढं आणलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं, गावं-शेतं सगळी पोटात घेऊन. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ वर आलं. १९९० च्या दशकात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी याच माळावर लांडगा काय खातो, काळवीट किती आणि मेंढरं-शेरडं किती, याचा अभ्यास केला. त्यासाठी लांडग्याच्या मागं दिवसचे दिवस फिरावं लागलं, आणि मेंढपाळांशी बोलावं लागलं. मीही कॅमेरा लावायच्या आधी मामांना नीट विचारलं असतं, तर बरं झालं असतं. कोकरं कुठल्या वेळेला गेली, हे त्यांना माहीत होतं. मी विचारलंच नाही. मामा म्हणाले तो घोळ हाच.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते छुपेपणाबद्दल. दिवा दिसत नाही म्हणून चोराला कॅमेरा सापडत नाही, हा फायदा आहे. पण दिवा दिसत नाही म्हणून माणसालाही कळत नाही की आपला फोटो निघतोय. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांमुळं सरपण-गवताला जाणाऱ्या बायकांना किती त्रास झाला, हे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनातून २०२४ मध्ये पुढं आलं. आपल्याकडं बांधाकडंला, ओढ्याला बायामाणसं जातातच. म्हणून माझा नियम असा. कॅमेरा फक्त आपल्या रानात, पायवाटेकडं पाठ करून, आणि शेजारच्या प्रत्येक घरात सांगून. माणसाचा फोटो आला तर तिथंच पुसायचा. ग्रुपवर टाकायचा नाही. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही.

आता घ्यायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रानडुक्कर, साळिंदर अशा रात्रीच्या जनावरांना छुपा ९४० चालतो, पण अंतर पंधरा-वीस पावलांच्या आत धरा. चोरीची भीती नसेल तर ८५० चा फोटो जास्त स्वच्छ. वाटेला काटकोनात न लावता थोडा तिरका लावा, म्हणजे जनावर आडवंही जातं आणि फोटोत जास्त वेळ राहतं. तोंड शक्यतो उत्तरेकडं, मावळतीचं ऊन भिंगावर नको. समोरचं गवत कापा. घड्याळ-तारीख बरोबर लावा, पंचनाम्याला तीच उपयोगी पडते. आणि उन्हाळ्यात संध्याकाळचा फोटो नाही म्हणून संध्याकाळी कोणी आलं नाही, असं कधीच म्हणू नका. जनावर मेलं तर मढं हलवू नका, वनरक्षकाला लगेच कळवा. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६.

मामांच्या त्या मेंढीचा पंचनामा झाला. पहिल्या दोन कोकरांचा होऊ शकला नाही, कारण तोवर दाखवायला काही उरलं नव्हतं आणि 'कुत्री आहेत' असं मीच सांगून बसलो होतो. त्या दोन कोकरांचे पैसे मी मामांना द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. "औषध टाकू दिलं न्हाई, तेवढं केलंत," म्हणाले. थिमेट टाकलं असतं तर लांडगे गेले असते, आणि त्यांच्याबरोबर मामांची कुत्रीही.

आता वाघर माळाकडनं काढून वस्तीजवळ लावतो, दिवस मावळताना मामांचा पोरगा माळाच्या बाजूला उभा असतो, आणि कॅमेरा त्याच बाभळीला आहे, फक्त तिरका. परवा पहाटे चार वाजता एक लांडगा आडवा गेला. फोटो दाणेदार आहे, पण शेपूट आणि पाय ओळखू येतात. मामांना दाखवला. बघून म्हणाले, "ह्यो तर मला म्हाईतच हाय."

तुमच्या रानात कुणी कॅमेरा लावला असेल तर संध्याकाळची परीक्षा घेऊन बघा, आणि किती पावलांवर फोटो निघाला ते लिहा. काळ्या मातीत आणि मुरमाड माळावर फरक पडतो का, हे मला बघायचंय.